छातीच्या ऑपरेशननंतरचं दुखणं आणि नर्व्ह ब्लॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुप्फुसाचा भाग काढणं, छातीत साठलेला पू आणि त्यावर धरलेली साल काढणं, बायपास अशा ऑपरेशनांआधी भूलतपासणीच्या ओपीडीत आणि नंतर वॉर्डात पेशंट आणि नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भूलतज्ज्ञाची आहेत. तुमच्या अंगाला काय चालेल, हे मात्र तुम्हाला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

१. नर्व्ह ब्लॉक म्हणजे नेमकं काय करतात?

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लागून एक मज्जातंतू जातो. तो पाठीच्या कण्यापाशी निघतो आणि बरगडीबरोबर वळत छातीच्या मधल्या हाडापर्यंत येतो. चिरा, फाकवलेल्या बरगड्या, छातीत साठणारं पाणी-रक्त-हवा बाहेर काढणारी ड्रेनची नळी, या सगळ्यांची वेदना याच तंतूंवाटे मेंदूकडे जाते. त्यांच्या वाटेवर बधिर करणारं औषध सोडलं की काही तास वेदना पुढे पोचत नाही. औषध बहुतेक वेळा ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन असतं. दात काढताना हिरडीत देतात त्याच कुळातलं, पण जास्त वेळ टिकणारं.

२. पूर्ण भूल देणारच आहात ना? मग हे वेगळं इंजेक्शन कशाला?

पूर्ण भूल ऑपरेशनपुरती असते. तुम्ही जागे झालात की ती संपते, आणि दुखायला सुरुवात होते ती त्यानंतर. ब्लॉक आहे तो पुढच्या तासांसाठी आणि दिवसांसाठी. ऑपरेशनच्या आधी किंवा भुलेत असतानाच तो दिला, तर भुलेतही वेदनाशामक औषध कमी लागतं.

३. थोडं दुखणारच, सहन करेन की. एवढं काय त्यात?

हे वाक्य आम्ही सर्वांत जास्त ऐकतो, विशेषतः गावाकडून आलेल्या आजोबांकडून. त्यांच्या सोसण्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण छातीचं दुखणं सोसायचं नसतं, आणि त्याचं कारण श्वासात आहे.

पायाला प्लास्टर घातलं की पाय स्थिर ठेवता येतो. छाती स्थिर ठेवता येत नाही. मिनिटाला पंधरा-वीस वेळा ती हलतेच. दुखतं म्हणून माणूस नकळत वरवरचा श्वास घेतो आणि खोकला दाबतो. फुप्फुसाचा खालचा भाग मग उघडत नाही, तिथे कफ साठतो, तो भाग मिटून जातो, पुढे न्यूमोनिया होतो. ज्याच्या फुप्फुसाचा तुकडा नुकताच काढलाय, किंवा जो वर्षानुवर्षं बिडी ओढत आलाय, त्याला हे परवडणारं नाही.

म्हणून ‘दुखतंय का?’ एवढं विचारून आमचं भागत नाही. राउंडला आम्ही म्हणतो, ‘आजोबा, जरा खोकून दाखवा.’ पडल्या पडल्या दहापैकी दोन दुखतं म्हणणारा माणूस खोकताना एकदम आठवर जातो, हात छातीवर घट्ट येतो आणि खोकला घशातच अडकतो. आमच्या दृष्टीनं तो आठ खरा. ब्लॉक यशस्वी झाला की नाही, हे आम्ही खोकल्यावरून ठरवतो. दुखणं शून्यावर आणणं हे उद्दिष्ट नाही. खोल श्वास घेता यावा, कफ बाहेर काढता यावा आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसता यावं, हे उद्दिष्ट आहे.

तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र मिळालं असेल तर एक लक्षात ठेवा: त्यात फुंकायचं नाही, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. निम्मे लोक फुंकतात. हळू आणि लांब ओढा, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद धरा. जागे असाल तेव्हा तासाला दहा वेळा. आणि खोकताना उशी छातीशी कवटाळा.

४. एपिड्युरल, पॅराव्हर्टिब्रल, ईएसपी, सेराटस... एवढी नावं. माझ्यासाठी कोणता?

फरक इतकाच, की औषध कण्यापासून किती जवळ किंवा किती लांब सोडलं जातं.

एपिड्युरलमध्ये ते कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत जातं. दोन्ही बाजू बधिर होतात. छाती मोठी उघडून करायच्या ऑपरेशनात कित्येक वर्षं हीच पद्धत सर्वोत्तम मानली गेली, आणि वेदना ती आजही उत्तम थांबवते. पण बीपी उतरतं, लघवी अडते, सोबत मॉर्फीन किंवा फेंटानिल ही जोरदार वेदनाशामकं असतील तर अंगाला खाज सुटते.

पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकमध्ये औषध कण्याच्या शेजारी, मज्जातंतू बाहेर पडतो त्या जागी आणि एकाच बाजूला दिलं जातं. जर्मनीत ह्यूगो झेलहाइम यांनी ही पद्धत १९०५ साली वापरली, मग ती मागे पडली आणि १९७९ नंतर पुन्हा वापरात आली. वेदना एपिड्युरलच्या तोडीस तोड थांबते आणि बीपी व लघवीचा त्रास कमी. छातीच्या ऑपरेशनाला मला स्वतःला ही सर्वांत पटलेली पद्धत.

ईएसपी म्हणजे इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक. २०१६ साली कॅनडात फोरेरो आणि सहकाऱ्यांनी तो मांडला आणि भारतात तो फार झपाट्यानं पसरला. पाठीच्या लांब स्नायूखाली, मणक्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकावर औषध सोडतात. सुई फुप्फुस आणि मज्जारज्जू दोन्हींपासून लांब राहते, म्हणून शिकायला सोपा आणि तुलनेनं निर्धोक. परिणाम मात्र माणसागणिक बदलतो. सेराटस ब्लॉक त्याहून बाहेर, काखेखालच्या स्नायूच्या थरात देतात. बाजूच्या छिद्रांना आणि ड्रेनच्या जागेला तो चांगला लागू पडतो, पाठीकडच्या चिऱ्याला कमी.

दुर्बिणीतून फुप्फुसाचं ऑपरेशन असेल तर ऑपरेशननंतरच्या वेदनेवर शिफारशी करणाऱ्या ‘प्रॉस्पेक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२२ सालच्या शिफारशींनी पॅराव्हर्टिब्रल किंवा ईएसपीला पहिली पसंती दिली, सेराटसला दुसरी. एपिड्युरलची गरज धरलेली नाही. मोठा चिरा असेल तर एपिड्युरल की पॅराव्हर्टिब्रल, हे तुमचं बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (प्रश्न ११) आणि रुग्णालयाचा हातखंडा यावर ठरतं. माझं मत विचाराल तर, रोज ईएसपी देणाऱ्या हाताकडून मिळालेला ईएसपी हा वर्षातून दोनदा एपिड्युरल देणाऱ्या हाताकडून मिळालेल्या एपिड्युरलपेक्षा बरा.

५. इंजेक्शन कधी देतात? खूप दुखतं का?

एपिड्युरल सहसा जागेपणी देतात, म्हणजे काही टोचल्यासारखं, पायात करंट गेल्यासारखं वाटलं तर तुम्ही लगेच सांगू शकता. उशी मांडीवर घेऊन पाठीची कमान करून बसवतात. आधी बारीक सुईनं कातडी बधिर करतात; तेवढं मुंगी चावल्यासारखं लागतं, नंतर फक्त दाब जाणवतो. बाकीचे ब्लॉक बहुधा भूल दिल्यावर, कुशीवर वळवून, सोनोग्राफीत सुई बघत देतात. तुम्हाला त्याची आठवणही राहत नाही.

६. परिणाम किती तास टिकतो?

एकदाच दिलेलं इंजेक्शन साधारण ८ ते १२ तास, कधी त्याहून थोडं जास्त. सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर काही तास वाढतात. दोन-तीन दिवस आराम हवा असेल तर केसासारखी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, तिथेच ठेवून पंपानं औषध चालू ठेवतात. बहुतेकांचा कॅथेटर ड्रेन निघेपर्यंत, तीन-चार दिवस राहतो. कूस बदलताना तो ओढला जाणार नाही याकडे लक्ष द्या. पट्टी ओली दिसली तर सिस्टरना दाखवा.

एकदाच्या इंजेक्शनचा असर पहाटे दोन-तीनला उतरतो आणि दुखणं एकदम अंगावर येतं, असं खूपदा घडतं. म्हणून गोळ्यांची वेळ चुकवू नका. ‘आत्ता दुखत नाही, मग गोळी कशाला’ म्हणून रात्रीची गोळी परत करणारे पेशंट पहाटे तळमळतात. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ठरल्या वेळीच द्यायचं असतं, दर सहा तासांनी. दुखेल तेव्हा नाही. मूत्रपिंड ठीक असेल तर सोबत सूज कमी करणारी गोळी.

७. ब्लॉक दिलाय, तरी दुखतंय. म्हणजे तो फसला का?

कधी कधी हो. औषध पसरलं नाही, कॅथेटर सरकला, किंवा चिरा ज्या पट्ट्यात आहे त्याच्या खाली-वर बधिरता आली, असं होतं. आम्ही स्पिरिटचा बोळा किंवा बर्फ कातडीला लावून गार लागतं का ते बघतो. जिथे गार लागत नाही तिथे ब्लॉक पोचलाय. बधिर पट्टा आणि चिऱ्याचा पट्टा जुळत नसतील तर पंपाचा वेग वाढवणं, कॅथेटरमधून जादा डोस देणं, दुसरा ब्लॉक देणं, असे उपाय आहेत. ते करता यावेत म्हणून सांगणं गरजेचं. रात्र आहे, डॉक्टरांना कशाला उठवायचं, असा विचार करू नका.

दुसरी शक्यता अशी, की दुखणं अशा जागेतून येतंय जिथे हा ब्लॉक पोचतच नाही. त्यातलं नेहमीचं उदाहरण पुढच्या प्रश्नात.

८. ऑपरेशन छातीचं झालं, मग खांदा का दुखतोय?

छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर त्याच बाजूचा खांदा दुखणं फार सर्रास आहे, आणि उत्तम एपिड्युरल असलेला माणूसही म्हणतो की चिरा दुखत नाही पण खांदा जीव घेतोय.

छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याचा मज्जातंतू मानेतून निघून छातीत उतरतो. ऑपरेशनात आणि ड्रेनच्या टोकानं पडद्याला किंवा हृदयाजवळच्या आवरणाला त्रास झाला की ती वेदना मानेच्या मुळाशी पोचते आणि मेंदूला ती खांद्यातली वाटते. आपला ब्लॉक छातीच्या पातळीवर. मानेतून जाणारी ही वाट त्याच्या हद्दीबाहेर. त्यामुळे ब्लॉकचा डोस वाढवून हे थांबत नाही. पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी औषधं बऱ्यापैकी काम करतात, ड्रेन थोडा मागे ओढला तर अनेकांना बरं वाटतं, आणि एक-दोन दिवसांत ते बहुधा ओसरतं. तासन्‌तास कुशीवर, हात वर करून झोपवल्यामुळेही खांदा धरतो. तो फिजिओथेरपीनं सुटतो.

डावा खांदा असेल, सोबत घाम, मळमळ, छातीवर दडपण असेल तर मात्र खांदा म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी काढून घ्यायचा.

९. पाठीत इंजेक्शन घेतलं की आयुष्यभर पाठ दुखते म्हणतात. लकवा पण होतो?

सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो. आयुष्यभराची पाठदुखी या सुईनं होत नाही. पाठदुखी मुळातच इतकी सर्वत्र आहे की आधी कधी इंजेक्शन झालं असेल तर दोष त्याच्याकडे जातो.

पाय लुळे पडण्याचा धोका खरा आहे, पण अतिशय दुर्मिळ. एपिड्युरलच्या जागी रक्त साठलं किंवा पू झाला तर मज्जारज्जूवर दाब येतो. ब्लॉकच्या औषधानं पाय थोडे जड वाटतात आणि डोस कमी केला की ते सुटतात. पण जडपणा वाढतच गेला, दोन्ही पाय उचलेनात, पाठीत जोराची कळ आली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर एमआरआय आणि गरज पडल्यास ऑपरेशन काही तासांतच व्हायला हवं. इथे सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. ईएसपी आणि सेराटसमध्ये सुई कण्यात जातच नाही, त्यामुळे ही भीती जवळपास उरत नाही.

१०. आणखी काय धोके? कोणतं लक्षण दिसलं की लगेच सांगायचं?

औषध रक्तात जास्त गेलं तर तोंडात धातूची चव येते, कानात गुंईं आवाज होतो, ओठांभोवती मुंग्या येतात, बोलणं जड होतं. यातलं काहीही झालं की त्याच क्षणी सांगा. पुढे फिट (आकडी) येऊ शकते, हृदयाची लय बिघडू शकते. यावर २० टक्के लिपिड इमल्शन हे औषध आहे. पांढरं, दुधाळ, शिरेतून देतात. जिथे ब्लॉक देतात तिथे ते हाताशी असायलाच हवं. हा प्रसंग टाळण्यासाठीच डोस वजनावर बांधलेला असतो आणि सुईत रक्त येत नाही हे बघत थोडं थोडं औषध सोडतात.

पॅराव्हर्टिब्रल आणि बरगडीमधल्या ब्लॉकमध्ये सुई फुप्फुसाला लागून हवा साठू शकते. ज्या बाजूला ऑपरेशन होतंय तिथे ड्रेन असतोच, म्हणून ती बहुधा आपसूक बाहेर जाते. वरच्या पातळीवर औषध पसरलं तर एका डोळ्याची पापणी खाली येते, बाहुली लहान दिसते. नातेवाईक घाबरतात, पण ते काही तासांत जातं.

११. मी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो. ब्लॉक चालेल का?

एकटी ॲस्पिरिन असेल तर सहसा अडचण नाही. क्लोपिडोग्रेल असेल तर एपिड्युरल आणि पॅराव्हर्टिब्रलसाठी ती ५ ते ७ दिवस आधी थांबलेली असावी लागते. वॉरफरीन साधारण पाच दिवस आधी थांबवून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारी रक्ततपासणी, करतात. अपिक्साबान, रिव्हारोक्साबान सुमारे तीन दिवस. पोटात टोचायचं हेपॅरिनचं कमी मात्रेचं इंजेक्शन असेल तर १२ तासांचं अंतर. हे नियम एपिड्युरलचा कॅथेटर काढतानाही लागू आहेत, आणि लोक नेमकं तेच विसरतात. कॅथेटर काढणं म्हणजे नुसती पट्टी सोडणं नव्हे. शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते बघूनच तो काढतात.

गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर मुळीच नाही. हृदयाचे डॉक्टर नाही म्हणाले तर एपिड्युरल सोडून ईएसपी, सेराटससारखा कण्याबाहेरचा, वरवरच्या थरातला ब्लॉक निवडता येतो.

१२. छातीत पू झालाय, पूर्वी मणक्याचा टीबीही झाला होता. तरी ब्लॉक मिळेल?

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. टीबीनंतर छातीत पू आणि त्यावर जाड साल, अशी ऑपरेशनं सरकारी रुग्णालयांत नित्याची आहेत.

पू असलेल्या छातीत पॅराव्हर्टिब्रल शक्यतो टाळतात, कारण सुईची जागा संसर्गाच्या शेजारी येते. शिवाय साल काढताना छातीच्या आतलं अस्तर फाटतं, आणि कॅथेटरमधून सोडलेलं औषध तिथे न थांबता छातीत गळून जातं. ताप आणि रक्तात संसर्ग असेल तर एपिड्युरलही नको. मणका टीबीनं वाकला असेल तर एपिड्युरलची जागाच सापडत नाही. अशा वेळी ईएसपी किंवा सेराटस, सोबत गोळ्या आणि गरजेप्रमाणे मॉर्फीन किंवा फेंटानिल, हा मार्ग उरतो आणि तो वाईट नाही. मणक्याचे जुने एमआरआय, एक्स-रे भूलतपासणीला आठवणीनं आणा.

१३. बायपासला छातीचं मधलं हाड कापतात. तिथेही ब्लॉक चालतो?

चालतो. छातीच्या हाडाच्या कडेनं, दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या पुढच्या टोकांमधल्या थरात औषध देतात, किंवा दोन्हीकडे ईएसपी. ऑपरेशनात हेपॅरिनचा पूर्ण डोस जातो, म्हणून बहुतेक ठिकाणी एपिड्युरल टाळतात. ड्रेन पोटाच्या वरच्या भागातून बाहेर येतात आणि ती जागा पुढच्या ब्लॉकमध्ये बहुधा येत नाही; तिथे दुखलं तर तसं वेगळं सांगा.

१४. दाताच्या इंजेक्शननं मला धडधड झाली होती. मला या औषधाची ॲलर्जी आहे ना?

बहुधा नाही. दाताच्या इंजेक्शनात ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं, धडधड त्याची असते. या औषधांची खरी ॲलर्जी विरळा. पण अंगावर पित्त उठलं, चेहरा सुजला, दम लागला असेल तर ते सांगा, आणि त्या वेळचा कागद असेल तर आणा.

१५. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. इतक्या लहानाला?

हो. मुलांना ब्लॉक भुलेतच देतात, डोस किलोच्या हिशेबानं. लहान मूल ‘खोकताना दुखतं’ असं सांगत नाही. ते नुसतं गप्प पडून राहतं, खात नाही, हात लावू देत नाही. आईला हे आमच्याआधी कळतं, म्हणून आईनं बोलावं. श्वासासाठी यंत्राऐवजी साबणाचे फुगे उडवायला दिले तरी चालतं.

१६. ब्लॉकमुळे आतला एखादा त्रास लपून राहील का?

रक्तस्राव, हवा गळणं किंवा न्यूमोनिया आम्ही दुखण्यावरून ओळखत नाही. ड्रेनमध्ये किती आणि काय येतंय, नाडी, बीपी, ऑक्सिजन, एक्स-रे यांवरून ओळखतो. चांगला चाललेला ब्लॉक असताना अचानक नवं, वेगळं दुखणं सुरू झालं, तर उलट ते महत्त्वाची खूण धरतो आणि कारण शोधतो.

१७. घरी गेल्यावर काय जपायचं?

बधिर कातडीला चटका कळत नाही. म्हणून त्या भागावर गरम पाण्याची पिशवी, शेक, विटेचा शेक, काही नको. घरच्या मायेनं दिलेल्या शेकानं फोड येतात आणि पेशंटला पट्टी बदलताना कळतं. ब्लॉक उतरल्यावरही चिऱ्याच्या खालचा, स्तनाखालचा किंवा बरगडीच्या कडेचा पट्टा महिनोन्‌महिने बधिर राहू शकतो, कारण मज्जातंतू ऑपरेशनातच दबलेला असतो. तिथे हीच काळजी.

१८. तीन महिने झाले, जखम भरली, तरी जळजळतं. ब्लाउज, बनियन लागला तरी करंट बसतो. हे मनाचं आहे का?

नाही. छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर हे अनेकांना होतं. बरगड्यांमधला मज्जातंतू चिमटला, ताणला गेला की तो भरून येताना चुकीचे संदेश पाठवत राहतो. सुरुवातीच्या दिवसांत चांगला ब्लॉक मिळाला तर याची शक्यता कमी होते, असं अभ्यासांत दिसतं. शंभर टक्के टळतंच असं नाही. यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. प्रिगाबालिन, गॅबापेंटिनसारखी मज्जातंतूची औषधं, लिग्नोकेनचे पॅच, आणि गरज पडली तर पुन्हा ब्लॉक, असं पेन क्लिनिकमध्ये करतात. गाठीसाठी ऑपरेशन झालं असेल आणि दुखणं नव्यानं वाढत असेल, तर आधी सर्जनला दाखवून स्कॅन करून घ्या.

१९. आमच्या गावच्या रुग्णालयात ब्लॉकची सोय नाही म्हणतात. मग?

सोनोग्राफी मशीन ओटीत नसणं हे नेहमीचं कारण. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, त्यामुळे लहान रुग्णालयात भूलतज्ज्ञासाठी वेगळं मशीन क्वचितच असतं. पण एक ब्लॉक मशीनशिवाय होतो: छाती बंद करण्याआधी सर्जन आतून, डोळ्यांदेखत, चिऱ्याच्या वरच्या-खालच्या बरगड्यांमधल्या मज्जातंतूंपाशी औषध देऊ शकतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि औषध स्वस्त. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही विचारा: ‘बंद करण्याआधी बरगड्यांत बधिर करणारं इंजेक्शन द्याल का? ते उतरल्यावर रात्री दुखलं तर कोणतं औषध लिहून ठेवणार आहात?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर लिहिलेलं असू द्या, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरना ते देता येईल.